नकलेतील चूक आणि रक्तशुद्धीचे थोतांड

१

आनुवंशिकता हा शब्द ऐकला की दलित वाचकाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी यात गैर काही नाही. या देशात रक्ताच्या नावावर जेवढे अन्याय झाले तेवढे दुसऱ्या कशाच्या नावावर क्वचितच झाले असतील. ब्राह्मणाच्या पोटी बुद्धी, क्षत्रियाच्या पोटी शौर्य आणि शूद्रातिशूद्राच्या पोटी सेवा जन्माला येते, हा चातुर्वर्ण्याचा सिद्धांत म्हणजे एक प्रकारचे आनुवंशशास्त्रच होते. फरक एवढाच की त्यामागे तपासणी कसलीच नव्हती. इंग्रज आले, त्यांनी हा सिद्धांत मोडला नाही. उलट १८७१ साली त्यांनी त्याला कायद्याचे रूप दिले. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा युक्तिवाद 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा करताना केला गेला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. आमच्या सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट ही याच विचाराची निर्मिती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची माणसे तिथे कोंडली गेली. त्यांनी गिरण्यांत राबावे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी आणि कुंपणाच्या आत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरावे, असा तो कारभार होता. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. 'हे त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य मात्र रद्द झाले नाही. ते आजही चावडीवर, चौकीत आणि शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते.

म्हणून हा विषयच नको, असे आपल्यापैकी काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. मी पुष्कळ वर्षे सोलापुरात जीवशास्त्र शिकवले. वर्गात जनुकांचे प्रकरण सुरू झाले की मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी हमखास विचारी : 'सर, रोग आईबापाकडून येतो म्हणता, मग जात आणि अक्कलही तशीच येत असेल की!' या प्रश्नाला रागावून उत्तर देता येत नाही. त्याला माहितीनेच उत्तर द्यावे लागते. बाबासाहेबांनी तेच केले. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात, जातिव्यवस्था वंशशुद्धी राखते म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी पुराणातले दाखले दिले नाहीत. आनुवंशशास्त्राचे आद्य अभ्यासक विल्यम बेट्सन यांचा आधार घेतला. मनाचे उच्च गुण कोणत्या तरी एकाच सरळ वाटेने वारशात उतरतात असे मानायला आधार नाही, या अर्थाचे बेट्सन यांचे प्रतिपादन त्यांनी पुढे केले. त्या वेळी डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती. आज ती ठाऊक आहे. तेव्हा आईबापाकडून नेमके काय येते आणि काय येत नाही, हे आज अधिक स्पष्टपणे सांगता येते. ते सांगण्यासाठी मी एक साधा जीव निवडला आहे : यीस्ट.

२

यीस्ट आपल्या ओळखीचे आहे. फक्त नाव ओळखीचे नाही. बेकरीतला पाव फुगतो तो यीस्टमुळे. शिंदीच्या झाडाचा रस उन्हे चढताच आंबू लागतो तो यीस्टमुळे. गूळ आणि नवसागर कालवून पिंपात ठेवलेले जे मिश्रण फसफसते आणि ज्याला पोलिसांच्या पंचनाम्यात 'रसायन' म्हणतात, ते फसफसणेही यीस्टचेच. या रसायनापायी आमच्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर किती धाडी पडल्या, किती पिंपे उलटवली गेली, याची गणती नाही. त्याच यीस्टने जगाच्या प्रयोगशाळांत कर्करोगाचे एक मोठे कोडे सोडवायला हात लावला, हे मात्र आपल्या वस्तीत कोणी सांगत नाही.

शास्त्रज्ञांनी यीस्टच का निवडले? ही एका पेशीची बुरशी आहे. सोयीचे वातावरण मिळाले की साधारण दीड तासात एका पेशीच्या दोन होतात. म्हणजे चोवीस तासांत सोळा पिढ्या. माणसाच्या सोळा पिढ्या मोजायच्या तर शहाजीराजांच्या काळापर्यंत मागे जावे लागेल. शिवाय यीस्टची पेशी जनुकांचा एकच संच घेऊनही सुखाने जगते. माणसाजवळ बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते, आणि त्यामुळे बिघाड झाकला जातो. यीस्टच्या एकसंची पेशीत झाकण्याला जागा नाही. एखादे जनुक बिघडवले की त्याचा परिणाम लगेच दिसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे, की जीवनाची मूळ यंत्रणा यीस्टमध्ये आणि माणसात पुष्कळशी सारखीच आहे. आपले आणि त्याचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही पेशी कशी दुभंगावी, डीएनएची नक्कल कशी उतरवावी, चुका कशा दुरुस्त कराव्यात, याची जनुके दोघांतही ओळख पटण्याइतकी सारखी राहिली. सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही : ज्या जनुकांच्या जोरावर त्यांचा देह टिकून आहे, त्यांची भावंडे दारूच्या पिंपात नांदत आहेत.

३

आता ही दुरुस्ती म्हणजे काय ते पाहू.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक दस्त. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही ती चार अक्षरे. दस्ताच्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात आणि त्यांच्यात जोडीचा नियम असतो : अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. पेशी दुभंगण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या उसवतात आणि प्रत्येक जुन्या पट्टीवरून एकेक नवी पट्टी उतरवली जाते. यीस्टच्या दस्तात सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरे आहेत. माणसाच्या पेशीत, दोन्ही संच धरून, सुमारे सहाशे कोटी. एवढे सारे प्रत्येक वेळी नव्याने उतरवायचे!

नक्कल उतरवणारे प्रथिन, ज्याला पॉलिमरेझ म्हणतात, मोठे कसबी आहे. पण कितीही कसबी कारकून असला तरी त्याच्या हातून अक्षर चुकतेच. साधारण लाखभर अक्षरांमागे एक चुकीचे अक्षर बसते. पॉलिमरेझ लगेच मागे वळून आपलेच शेवटचे अक्षर तपासते आणि चूक दिसली तर खोडते. त्यामुळे चूक कोटीत एक एवढ्यावर येते. तरीही सहाशे कोटी अक्षरांच्या दस्तात सहाशे चुका राहिल्याच. या उरलेल्या चुका शोधणारी जी दुसरी यंत्रणा पेशीत आहे तिलाच विजोड-दुरुस्ती म्हणता येईल. समोरासमोरच्या अक्षरांची जोडी जुळत नाही ते विजोड, आणि ते काढून टाकायचे ती दुरुस्ती. ती चालू असली की चूक शंभर कोटी अक्षरांत एक किंवा त्याहूनही कमी होते. सहाशेच्या जागी पाच-सहा, पुष्कळदा त्याहून कमी.

तहसील कचेरीतून फेरफाराची नक्कल काढली की तिच्याखाली नक्कल करणाऱ्याची सही असते आणि रुजुवात घेणाऱ्याचीही असते. रुजुवात म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणे. एका चुकीच्या नोंदीने वतनाच्या जमिनी कशा हातच्या गेल्या हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रुजुवातीचे मोल वेगळे सांगायला नको. पेशीतही रुजुवात घेणारे वेगळे आहेत. 'एमएसएच-२' या जनुकापासून बनणारे प्रथिन आपल्या एका जोडीदारासह नव्या दस्तावरून फिरते. विजोड सापडले की ते तिथे थांबते आणि 'एमएलएच-१' व 'पीएमएस-१' या जनुकांच्या प्रथिनांची जोडी तिथे येते. ही जोडी नव्या पट्टीला छेद देते. मग चुकीच्या अक्षरासह आसपासचा मजकूर खोडला जातो, मुळावरून पुन्हा लिहिला जातो आणि सांधा बुजवला जातो.

येथे एक मोठी अडचण आहे. दोन पट्ट्यांतील अक्षरे जुळत नाहीत एवढे कळून भागत नाही. मूळ कोणते आणि नक्कल कोणती हेही कळावे लागते. रुजुवात घेणाऱ्याने नकलेवरून मूळच 'दुरुस्त' केले, तर चूक कायमची अधिकृत झाली! काही जिवाणूंत जुन्या पट्टीवर रासायनिक खुणा असतात. नव्या पट्टीवर त्या उमटायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दुरुस्ती उरकली जाते. यीस्टमध्ये आणि माणसात नकलेच्या यंत्रणेतलीच कडी आणि नव्या पट्टीतले सांधे नवे कोणते ते ओळखायला मदत करतात. जिवाणूंतील ही सारी साखळी एकेक प्रथिन घेऊन परीक्षानळीत उभी करून दाखवणारे पॉल मॉड्रिच यांना २०१५ साली तोमास लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

४

रुजुवात घेणाराच रजेवर गेला तर काय होईल? यीस्टवर नेमका हाच प्रयोग करता आला.

'पीएमएस-१' मध्ये बिघाड असलेली यीस्टची वाणे १९८५ साली वर्णन केली गेली. संकरातून आलेली विजोड अक्षरे त्यांना दुरुस्त करता येत नव्हती. त्यामुळे एकाच पेशीच्या संततीत दोन वेगवेगळे गुण फुटून निघत. पुढे 'एमएसएच-२' आणि 'एमएलएच-१' हीही जनुके यीस्टमध्ये सापडली. तोवर हा विषय मूठभर तज्ज्ञांचा होता. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मिशेलिन स्ट्रँड, तोमास प्रोला, मायकेल लिस्के आणि थॉमस पीट्स यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला, आणि विषय एकदम इस्पितळाच्या दारात येऊन उभा राहिला.

त्यांचा प्रयोग समजून घेण्यासाठी आपल्या मागावर येऊ. चादरीच्या काठात तांबडा-पांढरा, तांबडा-पांढरा असा एकच ठेका कितीतरी वेळा येतो. वेगवेगळी नक्षी असेल तर विणकराची नजर चुकत नाही. पण एकाच ठेक्यात गणती चुकते. डीएनएमध्येही असे पट्टे असतात : ग्वानिन-थायमिन, ग्वानिन-थायमिन असे दोन अक्षरांचे पालुपद पुन्हा पुन्हा. अशा पट्ट्यावर नक्कल उतरवताना पॉलिमरेझ घसरते. एखादे पालुपद जास्त येते किंवा गळते. जास्तीचा भाग फुगवट्यासारखा मागे बाहेर राहतो. पुढची अक्षरे बरोबर जुळलेली असल्यामुळे, केवळ शेवटचे अक्षर पाहणाऱ्या पॉलिमरेझला ही चूक दिसत नाही. ती दिसते फक्त रुजुवात घेणाऱ्याला.

या शास्त्रज्ञांनी असा एक पट्टा यीस्टच्या एका जनुकात बसवला. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी वाचला जातो. पट्ट्यात दोन अक्षरे वाढली किंवा गळली की पुढचा प्रत्येक शब्द बिघडतो आणि जनुक बंद पडते. जनुक चालू असलेल्या पेशीला मारणारे एक औषध त्यांनी बशीत घातले. आता जिवंत राहून वाढलेली प्रत्येक वसाहत म्हणजे घसरणीची एकेक साक्ष. बशीतल्या वसाहती मोजायच्या, एवढेच काम.

निष्कर्ष स्पष्ट होता. 'पीएमएस-१', 'एमएलएच-१', 'एमएसएच-२' या तिघांपैकी कोणतेही एक जनुक बिघडवले की पट्ट्याची अस्थिरता शंभर ते सातशे पटींनी वाढली. उलट, पॉलिमरेझची स्वतःची खोडाखोड बंद पाडली तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे अशा पट्ट्यांचे रक्षण मुख्यतः विजोड-दुरुस्तीच करते. त्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत असेच पालुपदांचे पट्टे ठिकठिकाणी बिघडलेले आढळले होते. यीस्टच्या अभ्यासकांनी निबंधातच सूचित केले : या रुग्णांतही विजोड-दुरुस्तीची जनुके बिघडलेली असू शकतील. डिसेंबर उजाडला नाही तोच माणसातील 'एमएसएच-२' दोन वेगवेगळ्या गटांना सापडले, आणि ज्या घराण्यांत आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होता त्यांपैकी काहींत ते बिघडलेले निघाले. १९९४ साली 'एमएलएच-१' चीही तीच कथा झाली.

५

या घराण्यांची हकिकत जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन येथे शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका बाईने वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना सांगितले, की आमच्या घरातले पुष्कळजण पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाने गेले, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ जमवून १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे १९६६ साली हेन्री लिंच यांनी अशीच आणखी घराणी दाखवून दिली. आज या विकाराला त्यांचेच नाव आहे. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वंशजांत अखेर 'एमएसएच-२' चा बिघाड सापडला.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वॉर्थिन हे सुप्रजननवादाचे समर्थक होते. 'निकृष्ट' वंशाची वाढ रोखावी या मताचे. त्या बाईने जमवून दिलेल्या माहितीतून त्यांना निकृष्ट रक्त दिसले. यीस्टच्या बशीत दिसले ते वेगळेच : एका प्रथिनाचा बिघाड. त्याचा त्या बाईच्या शीलाशी, बुद्धीशी, कष्टाशी काही संबंध नव्हता. आपल्याकडे याच ठिकाणी पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप आणि करणी येते. ज्या घरात एकामागून एक तरुण माणसे जातात त्या घराची सोयरीक तुटते, आणि बहुधा दोष लागतो तो सुनेला. ती पांढऱ्या पायाची ठरते. वास्तविक बिघडलेली प्रत बापाकडूनही येते. बापाला स्वतःला काही न होता ती मुलीत उतरते आणि मुलीला गर्भाशयाचा कर्करोग होतो. मुलाला किंवा मुलीला ती मिळण्याची शक्यता निम्मी. न मिळण्याचीही निम्मी. ज्याला ती मिळाली नाही त्याच्यापुरता हा वारसा तिथेच संपला. एकाच आईची दोन लेकरे, एक वारस आणि एक मुक्त : हा कसला कुलधर्म आणि कसले कुलपाप?

६

मग यातून 'रक्त' या कल्पनेचे काय उरते? तीन गोष्टी सांगतो.

पहिली : जे वारशात येते ते एखाद्या प्रथिनाची कृती असते; जात, व्यवसाय किंवा गुन्हा नव्हे. लिंच विकाराच्या घराण्यातही माणूस कर्करोग घेऊन जन्मत नाही. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी प्रत रुजुवात सांभाळते. पुढे कधी एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की त्या पेशीत चुका साचू लागतात. म्हणून बिघाड असलेल्या प्रत्येकाला आतड्याचा कर्करोग होत नाही. 'एमएसएच-२' किंवा 'एमएलएच-१' बिघडलेल्यांत साधारण निम्म्याच्या आसपास लोकांना होतो. एकाच जनुकातील एवढ्या ठसठशीत बिघाडातही नशीब आणि परिस्थिती यांना एवढी जागा आहे. मग ज्यांत असंख्य जनुके, आईचे पोषण, शाळा, घर आणि संधी यांची गुंतागुंत आहे ती बुद्धी जातीवरून सांगणाऱ्याला काय म्हणावे?

दुसरी : विजोड या शब्दाने कोणी फसू नये. डीएनएतील विजोड म्हणजे एका अक्षरासमोर चुकीचे अक्षर. दोन जातींच्या स्त्री-पुरुषांच्या लग्नाला आपला समाज विजोड म्हणतो त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट शास्त्राचा कौल विरुद्ध बाजूने आहे. आईबाप दोघांकडूनही विजोड-दुरुस्तीची बिघडलेलीच प्रत आली, तर ते मूल यीस्टच्या त्या एकसंची पेशीसारखे होते : सांभाळणारी दुसरी प्रतच नाही. अशा मुलांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात आणि लहानपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होतो. १९९९ साली अशा मुलांची पहिली वर्णने प्रसिद्ध झाली, ती नात्यात लग्ने झालेल्या घराण्यांतील होती. हा विकार फार विरळ आहे. पण तत्त्व तेच. सोलापूर भागात मामाची मुलगी करण्याची, कुठे कुठे भाचीशीच लग्न लावण्याची चाल आहे, आणि ती आपल्याही घरांत आहे. आपण ती मोडली पाहिजे.

नात्यातले लग्न हे लहान वर्तुळ. जात हे मोठे वर्तुळ. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सांगितले ते हेच, की जातीबाहेर लग्न नाही. शंभर वर्षांनी, २०१७ साली, हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील आणि परदेशातील संशोधकांनी दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांचा डीएनए तपासला. त्यांतील ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा एवढा खोल निघाला की दुर्मीळ आनुवंशिक विकारांबद्दल जगभर अभ्यासले जाणारे फिनलंडचे लोकही मागे पडले. आंध्रातील वैश्य समाजात भूल देण्याच्या एका औषधाने जीव धोक्यात यावा असा प्रथिनदोष इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, तो याच कारणाने. रक्तशुद्धी राखली म्हणून ज्यांनी अभिमान धरला त्यांनी चुकाच राखून ठेवल्या. दोन चुकलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता कमी करण्याचा साधा उपाय बेटीबंदी मोडणे हा आहे.

तिसरी : सगळा दोष वारशावर ढकलू नये. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत लिंच विकाराचे तीनएक असतात. आणि आतड्याचा कर्करोगच आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. आपल्या लोकांना गाठतो तो तंबाखूचा कर्करोग. सोलापुरात हजारो बाया विड्या वळून संसार चालवतात. विडीच्या तंबाखूत काम करणाऱ्या कामगारांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोष वाढलेले असतात, हे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९५ साली दाखवले. ही इजा विजोड-दुरुस्तीच्या आवाक्यातली नव्हे, आणि ती आजोबांकडूनही आलेली नाही. ती मजुरीतून आली. व्यवसाय जन्माने ठरवणारी व्यवस्था अशा रीतीने डीएनएवरही लिहिते. आणि मग त्याच माणसांच्या आजाराला 'त्यांच्या रक्तात आहे' म्हणते.

७

हे सारे कळून वस्तीतल्या माणसाचा काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे.

ज्या घरात एकमेकांच्या जवळच्या नात्यातील तिघांना आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा अशाच जातीचा कर्करोग झाला, तो लागोपाठच्या दोन पिढ्यांत झाला आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत झाला, त्या घराने डॉक्टरांना ही हकिकत आपण होऊन सांगावी. विचारले नाही तरी सांगावी. काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनांची तपासणी करता येते : एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२, यातले शेवटचे म्हणजेच यीस्टच्या 'पीएमएस-१' चे मानवी भावंड. रंग चढला नाही तर रुजुवात घेणारा गैरहजर. मग रक्ताची जनुकीय तपासणी करता येते. बिघाड निघाला तर विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने मोठे आतडे तपासून घ्यायचे आणि कोंब दिसले की ते तिथेच काढून टाकायचे. फिनलंडमधील पंधरा वर्षांच्या अभ्यासात अशा तपासणीने या घराण्यांतील आतड्याचा कर्करोग निम्म्याहून अधिक घटला. रोग झालाच तरी दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींवर प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे विशेष लागू पडतात, असे २०१५ पासून दिसून आले आहे. त्यांची किंमत मात्र लाखांत आहे.

यीस्टचे कामही संपलेले नाही. पुष्कळदा जनुकात असा बदल सापडतो की तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. मग माणसातील तो बदल यीस्टच्या जनुकात तसाच उतरवून, दुरुस्ती चालते की बंद पडते ते पाहिले जाते. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी 'एमएसएच-२' च्या अशा अनेक बदलांची परीक्षा यीस्टमध्येच केली. आपल्या लोकांच्या बाबतीत हा गोंधळ जास्त, कारण जगातील जनुकीय नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. २०२० साली सुरू झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांचा डीएनए वाचला. ही सुरुवात आहे. भटक्या-विमुक्तांची, मांग-महारांची, आदिवासींची नोंद त्यात पुरेशी असावी, आणि ती त्यांच्या संमतीने व त्यांच्या उपयोगासाठी व्हावी, ही मागणी आपण केली पाहिजे. एकेकाळी आपल्या बोटांचे ठसे घेतले गेले ते आपल्याला पकडण्यासाठी. आता रक्ताचा थेंब द्यायचा तर तो कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली गेली. देशातील ग्रामीण भागाची ती पहिली. खेडोपाडी जाऊन, घरोघर विचारून माणसे मोजता येतात हे तिने सिद्ध केले. ज्या तालुक्यात असे काम होऊ शकते त्या जिल्ह्यात चार प्रथिनांची तपासणी सरकारी इस्पितळात फुकट मिळणे अशक्य नाही. ते मागणारे कोणी हवे.

आपल्या घरातील कोण कशाने गेले, कोणत्या वयात गेले, हे लिहून ठेवण्याची चाल आपल्यात नाही. लिहिणेच वर्ज्य होते त्यांच्यात ती असणार कशी? ती आता पाडली पाहिजे. आजीला काय झाले होते, आत्याला काय झाले होते, हे घरातल्या शिकलेल्या मुलीने एका वहीत उतरवावे. रक्ताच्या नावाने आपल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहिले आणि त्याची रुजुवात कोणी घेतली नाही. ती घ्यायची तर मूळ दस्त आपल्या हातात असला पाहिजे.